मंदीच्या दिवसांत सवलत द्यायची ती कशी?

सोलापुरातील किरकोळ व्यापाऱ्याला धंदा कधी मंदावणार, हे पंचांग पाहून बरेचसे आधीच कळते. पितृपंधरवड्यात नवे कापड घेणे लोक टाळतात, श्रावणात मटणाच्या खानावळी ओस पडतात आणि एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीपलीकडे गेला की, नवी पेठेतही गिऱ्हाईक दिसत नाही. या तिन्ही मंदींची कारणे निराळी असल्यामुळे सवलतीचा फलक रंगवायला देण्यापूर्वी गिऱ्हाईक का येत नाही, याचा विचार करावा.

श्रावण पाळणारा माणूस मटणाची थाळी निम्म्या दरात मिळते म्हणून नेम मोडणार नाही. त्याच्यासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पिठल्याची थाळी ठेवणे हाच खरा उपाय. पितृपंधरवड्यात अडचण भावाची नसून मुहूर्ताची असते. म्हणून त्या दिवसांत साडीची निवड आणि थोडी आगाऊ रक्कम घेऊन सवलतीचा भाव बांधून द्यावा आणि माल घटस्थापनेला न्यावा, अशी सोय करावी. घरी नवे वस्त्र न नेता भाव पदरात पडतो, हे गिऱ्हाइकाला पटते आणि सणाच्या खरेदीसाठी दुकानदाराच्या हाती आधीच पैसा येतो.

अधिक महिन्याचे गणित आणखी वेगळे आहे. उदाहरणार्थ, २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, म्हणजे ऐन लग्नसराईत येणारा. त्यात लग्ने होत नसल्याने बस्त्याचा माल हलत नाही, पण जावयाला धोंड्याचे वाण देण्याची चाल असल्याने आहेराचे कापड आणि तांब्या-चांदीच्या वस्तू खपतात. त्यांवर सूट देणे म्हणजे आपल्या पायांनी चालत आलेला नफा परत पाठवणे होय.

यानंतर हिशेब मांडावा. कर बाजूला ठेवून पाहिले, तर ३८० रुपयांना पडलेली चादर ५०० ला विकल्यावर १२० रुपये सुटतात. दहा टक्के सूट दिली की विक्री ४५० वर येते आणि सुटतात ७० रुपये. म्हणजे पूर्वी दहा चादरींत मिळणारे १,२०० रुपये मिळवण्यासाठी आता अठरा चादरी विकाव्या लागतात. वीस टक्के सूट दिल्यास एका चादरीमागे २० रुपयेच उरतात आणि तेवढ्याच नफ्यासाठी साठ चादरी खपाव्या लागतात. एवढे गिऱ्हाईक मंदीत कुठून येणार? शेजारच्या दुकानाने वीस टक्के लावले म्हणून आपणही लावणारे व्यापारी हा हिशेब सहसा करत नाहीत.

म्हणून सरसकट सूट देऊ नये. तिला अट घालावी. उन्हाळ्यात बारा ते चार या वेळेतील खरेदीवरच सवलत द्यावी, म्हणजे सायंकाळी पूर्ण भावाने घेणाऱ्यांवरचा नफा बुडत नाही. एका चादरीचा भाव पाडण्यापेक्षा दोन चादरी आणि चार टॉवेल यांचा संच बांधावा; पडून राहिलेल्या रंगाचा टॉवेल संचात सहज निघून जातो आणि चादरीचा मूळ भाव गिऱ्हाइकाच्या मनात कायम राहतो. तो भाव एकदा उतरला की पुन्हा चढवताना घासाघीस दुपटीने वाढते. जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याला, म्हणजे तेव्हा भरणाऱ्या जत्रेला, गर्दी आपोआप येत असल्याने तेव्हा अशा योजना बंद ठेवाव्यात.

बिलाकडेही लक्ष हवे. विक्रीच्या वेळी दिलेली सूट बिलावर वेगळी दाखवली, तर जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ती करपात्र मूल्यातून वजा होते. तोंडी सोडलेल्या रकमेला तो लाभ मिळत नाही. आधी भाव चढवून मग सूट दाखवणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, आणि सोलापूरचे गिऱ्हाईक चार दुकाने फिरून येत असल्याने ती लपतही नाही.

फलकावर योजनेची शेवटची तारीख ठळक लिहावी आणि ती पाळावी. ‘आणखी आठ दिवस’ असे दोनदा झाले की तिसऱ्या खेपेला कोणी घाई करत नाही. योजना चालू असताना रोज खपलेले नग, सुटलेली रक्कम आणि नव्याने आलेली गिऱ्हाइके वहीत लिहून ठेवावीत आणि खप हिशेबातल्या आकड्याच्या निम्म्यावरही जात नसेल, तर त्या मालावरची सूट जाहीर तारखेपलीकडे न वाढवता पुढच्या वेळी अट बदलावी.