मापाच्या ब्लाउजवरून पेपर कटिंग कसं काढावं आणि कसं सांभाळावं

लग्नसराई सुरू झाली की सोलापुरात रोजच्या ओळखीचा टेलरसुद्धा "पंधरा दिवस तरी लागतील, ताई" असंच म्हणतो. घरात मशीन असतं, सरळ टीप येते, परकर आणि उशांचे अभ्रे घरीच होतात. ब्लाउज मात्र बाहेर जातो. अडतं ते कटिंगपाशी. चाटी गल्लीतून हौसेनं आणलेल्या इरकलीला ब्लाउजपीस एकच असतो, तो बिघडला तर तसाच दुसरा मिळत नाही. म्हणून आधी कागद कापायचा, कापड नंतर. हे बऱ्याच जणींना माहीत असतं आणि त्यांनी एकदा पेपर कटिंग केलेलंही असतं. पुढच्या वेळी तो कागद पलंगाखालून निघतो तेव्हा तो कुणाच्या मापाचा, त्यात मार्जिन (शिलाईच्या रेषेबाहेरचं जादा कापड) धरलंय की नाही, काहीच कळत नाही. त्यामुळे कागदावर काय लिहायचं आणि तो कुठे ठेवायचा, हे इथे कटिंगइतक्याच तपशिलानं सांगणार आहे.

छातीच्या मापावरून सूत्रानं आखणीही करता येते. पण क्लास बदलला की मुंढ्याचं (बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या वळणाचं) सूत्र बदलतं, आणि प्रत्येक सूत्र सरासरी अंगाचं असतं. अंगाला बसलेला एक ब्लाउज घरात असेल तर घरगुती शिवणासाठी मी सूत्राच्या मागे लागणार नाही.

ब्लाउज निवडा, मापं लिहा

ब्लाउज सुती असावा. सिल्क कागदावर घसरतं, आणि ताणणाऱ्या कापडाचा ब्लाउज तर नकोच, तो बसलेला दिसतो तो ताणामुळे. धुऊन हलकी इस्त्री करा. इस्त्री फिरवताना गळा आणि मुंढा ओढू नका. तिथे कापड तिरकं कापलेलं असतं आणि चटकन लांबतं.

एकदा अंगात घालून आरशासमोर उभं राहा. हात वर करा, खांद्यावरून पदर घेतो तसा हात फिरवा, खाली वाका. जिथे ओढतं किंवा उघडं पडतं ते लिहून ठेवा. मग अंगाची मापं घ्या: छाती, छातीखालचा घेर, कंबर, खांदा, पूर्ण उंची, पुढचा-मागचा गळा, मुंढा, दंडाचा घेर, बाहीची उंची आणि खांद्यापासून टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्यांच्या) टोकापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप बहुतेक जणी घेत नाहीत आणि नंतर पुढचा भाग वर-खाली का होतो याचा शोध घेत बसतात. तयार ब्लाउजची मापं शेजारच्या रकान्यात लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्हाला हवी असलेली सैल. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा घामानं कापड अंगाला चिकटतं. उन्हाळ्यात वापरायच्या ब्लाउजला छातीत अर्धा-पाऊण इंच जास्त सैल ठेवली तर दिवस सुसह्य जातो.

कागद आणि चादर

उतरवून घ्यायला खाकी कागद चांगला. वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागते आणि घडीवर ते लगेच फाटतं. कायम ठेवायच्या प्रतीसाठी स्टेशनरीत मिळणारी जाड कार्डशीट घ्या; २२ बाय २८ इंचांच्या एका शीटमध्ये ब्लाउजचे बरेचसे भाग मावतात. टाचण्या, लांब पट्टी, टेप आणि पेन्सिल लागेल. कागदाची कात्री वेगळी ठेवा, कापडाच्या कात्रीनं कागद कापला की तिची धार गेलीच.

आणखी एक वस्तू लागते ती सोलापुरात घरोघरी असते: जुनी, जाड चादर. तिची चौपदरी घडी जमिनीवर अंथरा, वर कागद, कागदावर ब्लाउज. चादरीमुळे टाचणी कापडातून आणि कागदातून सरळ खाली रुतते, वाकत नाही. टेबलाच्या लाकडावर हे काम नीट होत नाही.

उतरवणं

मागच्या भागापासून सुरुवात करा, तो सोपा असतो. कागदावर एक सरळ उभी रेघ मारा. मागचा भाग मधोमध दुमडून दुमड त्या रेघेवर ठेवा आणि हातानं सपाट करा. आता शिलाईच्या रेषेवरून, कापडाच्या कडेवरून नव्हे, अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाचणी टोचत जा. गळा, खांदा, मुंढा, बाजू, खालची कड. वळणावर टोचे जवळजवळ घ्या. ब्लाउज उचलला की कागदावर छिद्रांची रांग दिसेल. सरळ भाग पट्टीनं जोडा, मुंढा आणि गळा मोकळ्या हातानं, एका दमात.

पुढच्या भागात टक्स असतात, त्यामुळे तो सपाट पडतच नाही. इथे दोन वाटा आहेत. एक, टक्सच्या एका बाजूचा भाग सपाट करून टोचून घ्यायचा, मग टोक धरून ब्लाउज फिरवायचा आणि दुसरी बाजू टोचायची. हे जमतं, पण चारही टक्स असलेल्या ब्लाउजला हात बसेपर्यंत चुका होतात. दुसरी वाट मला जास्त पसंत आहे: रंग उडालेला पण बसायला उत्तम असा जुना ब्लाउज घ्या आणि त्याचा एका बाजूचा पुढचा भाग व एक बाही पूर्ण उसवा. उसवण्याआधी टक्सच्या रेषांवर रंगीत धाग्यानं धावदोरा घाला आणि कापडाच्या उभ्या, म्हणजे काठाला समांतर जाणाऱ्या, धाग्याच्या दिशेनं एक सरळ धावदोरा छातीपासून खालपर्यंत घाला. उसवलेला तुकडा इस्त्री करून कागदावर ठेवला की टक्सची रुंदी, लांबी, टोक, सगळं जसंच्या तसं मिळतं. एका जुन्या ब्लाउजचा बळी गेला तरी व्यवहार फायद्याचाच आहे.

कटोरी किंवा प्रिन्सेस कट, म्हणजे पुढचा भाग वेगवेगळे तुकडे जोडून केलेला, असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा उतरवा आणि जिथे दोन तुकडे जुळतात तिथे दोन्हींवर खाच दाखवा. बाहीचा पुढचा आणि मागचा गोलवा सारखा नसतो, पुढचा जास्त खोलगट असतो. पुढच्या बाजूला एक खाच, मागच्या बाजूला दोन, ही खूण सगळीकडे चालते आणि उलट बाही लागत नाही.

हुकपट्टी आणि काजपट्टी मूळ आखणीत धरू नका. पुढच्या भागाची मध्यरेषा तेवढी ठळक मारा. हुकपट्टी पूर्ण आत दुमडते आणि काजपट्टी पाऊण इंच बाहेर राहते, त्यासाठी दोन वेगळ्या पट्ट्या कापून त्याच पाकिटात ठेवा.

कापड कापण्याआधीची पडताळणी

पुढचा आणि मागचा खांदा एकमेकांवर ठेवा, लांबी सारखी हवी. दोन्ही बाजूंच्या शिलाया जुळवून पाहा; टक्स मिटवल्यावर मोजायचं, हे विसरू नका. खांद्याला खांदा लावून दोन्ही भाग उघडले की गळ्याचं आणि मुंढ्याचं वळण अखंड दिसायला हवं. जोडावर टोक निघालं असेल तर तिथेच घासून गोल करा.

मग टेप उभा धरून मुंढ्याच्या वळणावरून मोजा, पुढचा अधिक मागचा. बाहीच्या गोलव्याचं माप त्याहून थोडं जास्त असावं, सुती कापडाला अर्धा ते पाऊण इंच पुरतं. बाही कमी पडत असेल तर शिवताना कितीही ओढली तरी चुणी येणार.

मार्जिन कुठे धरायचं

इथे माझं मत ठाम आहे: कार्डशीटवरच्या मूळ प्रतीत मार्जिन नसावं. मूळ प्रत म्हणजे फक्त शिलाईची रेषा. कापडावर ठेवायला खाकी कागदाची दुसरी प्रत काढा आणि त्यात मार्जिन द्या: गळ्याला पाव इंच, खांदा आणि मुंढ्याला अर्धा, खाली एक, आणि बाजूला दीड इंच. बाजूचं दीड इंच आपल्याकडच्या सवयीचं आहे. अंग भरलं, बाळंतपण झालं की बाजू उसवून ब्लाउज सैल करता येतो. अस्तराच्या ब्लाउजला हेच मार्जिन अस्तरालाही द्या. मार्जिन मूळ प्रतीत मिसळलं की पुढच्या वेळी ते दुसऱ्यांदा धरलं जातं आणि ब्लाउज ढगळ होतो.

ट्रायल

टू बाय टू रुबियावर (ब्लाउजचं साधं सुती कापड) किंवा जुन्या ओढणीवर एकदा शिवून बघा. मशीनचा टाका मोठा ठेवून कच्ची टीप घाला, हुक लावू नका, पुढे टाचण्या लावा.

छातीवर आडव्या वळ्या ताणल्या जात असतील तर रुंदी कमी आहे, बाजू सोडा. पुढचा मुंढा उघडा पडत असेल तर तेवढं कापड चिमटीत धरून माप घ्या आणि ते मुंढ्याच्या टक्समध्ये घाला. मागचा गळा पाठीपासून सुटत असेल तर कागदावर गळ्याच्या मध्यावर पाव इंच आत घ्या.

हात वर केला की आख्खा ब्लाउज वर सरकतो ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. त्यावर बहुतेक जणी मुंढा आणखी खोल करतात. त्यानं उलट होतं. मुंढा काखेपासून जितका खाली, तितका हात उचलताना बाजूचं कापड हाताबरोबर वर ओढलं जातं. अशा वेळी मुंढा अर्धा इंच वर घ्या आणि बाहीचा गोलवा त्या मापाला जुळवा. खोल मुंढा सैल वाटतो तो फक्त हात खाली असेपर्यंत.

दुरुस्ती ट्रायलच्या कापडावर खडूनं केली, आता ती त्याच दिवशी कार्डशीटवर लाल पेनानं उतरवा. उद्यावर टाकलेली दुरुस्ती कागदावर कधीच जात नाही.

प्रत्येक तुकड्यावर काय लिहायचं

कुणाचा, कोणता ब्लाउज, छातीचं माप, तारीख, तुकड्याचं नाव, किती कापायचे, घडीवर ठेवायचा की सुटा, उभ्या धाग्याचा बाण, आणि "मार्जिन नाही" किंवा "मार्जिन धरून". उदाहरणार्थ: "आई, चार टक्स, छाती ३६, मागचा भाग, १ घडीवर, मार्जिन नाही". हे सगळ्या तुकड्यांवर लिहायचं, एकावर लिहून बाकी ओळखू येतील असं धरायचं नाही. एका संचात किती तुकडे आहेत तेही लिहा, म्हणजे "५ पैकी २" वाचलं की बाकीचे शोधता येतात.

ब्लाउजपीसवर मांडणी करताना या बाणाचा उपयोग कळतो. ८० सेंटिमीटरच्या तुकड्यात काठ बाहीला घ्यायचा असेल तर बाहीची खालची कड काठावर येते, म्हणजे बाहीत उभा धागा आडवा होतो. पुढचा-मागचा भाग मात्र उभाच राहतो. कागदाचे तुकडे हवे तितक्या वेळा सरकवून पाहता येतात. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान असतो, त्यामुळे तिथे आधी मांडणी केल्याशिवाय कात्री लावूच नये. जमलेली मांडणी मोबाईलवर टिपून ठेवा, शेजारी टेप पसरून, म्हणजे फोटोवरून अंदाज घेता येतो. सुती कापड आणि अस्तर दोन्ही आधी भिजवून सावलीत वाळवा; अस्तर नंतर आटलं की वरचं कापड फुगतं.

ठेवायचं कसं

पुस्तकी सल्ला असतो की कपड्याच्या प्रकारानुसार लावा: ब्लाउज एकीकडे, कुर्ते एकीकडे. घरात ते चालत नाही. घरात "आईचा ब्लाउज शिवायचाय" असंच काम येतं, म्हणून माणसाप्रमाणे लावा. आई, सासूबाई, नणंद, मुलगी, प्रत्येकीची एक जाड पिशवी आणि आत प्रत्येक कपड्याचं एक मोठं पाकीट. पाकिटावर ब्लाउजचं साधं चित्र, लागलेलं कापड, आणि शिवलेल्या कापडाचा एक छोटा तुकडा स्टेपल करून. चित्र बघून पाकीट ओळखायला क्षणभर पुरतो.

कार्डशीट दुमडू नका. घडीवर रेषा पांढरी पडते आणि तिथूनच ती तुटते. शहरात गणवेश शिवणारे एवढे कारखाने आहेत. शिवणाच्या कारखान्यांत जाड कागदाच्या साच्यांना भोक पाडून ते हुकाला टांगतात. तेच घरी करा: प्रत्येक तुकड्याला वरच्या बाजूला भोक, त्यातून नाडी, दाराच्या मागे खिळा. कुर्त्याचे आणि सलवारीचे लांब कागद कापडाच्या दुकानात टाकून दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा.

रबर बँड लावू नका. इथल्या उन्हाळ्यात तो चिकट होऊन कागदाला चिकटतो. सेलोटेपही पिवळा पडून डिंक सोडतो; फाटलेला कागद मागून कागदाची पट्टी लावून जोडा, पण घरच्या खळीनं नव्हे, खळीवर कसर येते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. पिशवीत कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेलाच.

मुलांच्या कपड्यांना वेगळी पद्धत बरी. दरवर्षी नवा कागद न कापता एकाच शीटवर वेगळ्या रंगानं पुढचं माप आखत जा. झबल्याचा किंवा फ्रॉकचा पुढचा-मागचा भाग छातीच्या चौथ्या हिश्श्यानं वाढतो, म्हणजे छाती २४ ची २६ झाली की अर्ध्या तुकड्याची रुंदी अर्धा इंचानं वाढवायची. उंची मात्र दरवेळी मोजूनच. धाकट्याच्या वेळी तीच शीट पहिल्या रेषेपासून पुन्हा उपयोगी पडते.

मोठ्यांची मापं वर्षातून एकदा, दिवाळीच्या शिवणाआधी, पुन्हा घ्या. छातीत एक इंचाहून जास्त फरक असेल तर नवी मूळ प्रत काढा आणि जुनीवर "रद्द" लिहा. शेजारच्या वहिनी कागद मागायला आल्या तर मूळ प्रत देऊ नका. खाकी कागद आणि पेन्सिल पुढे करा, तिथेच बसून उतरवून घेऊ द्या, तोवर चहा होतो.