जुन्या धुराड्यात लवचिक लायनर कसा बसवावा

विटांच्या जुन्या धुराड्याचा आतला गिलावा उडाला की धूर आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड वायू सांध्यांतून खोल्यांत झिरपू लागतो. अशा धुराड्यात वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी, म्हणजेच लायनर, सोडता येतो. काम दोघांचे आहे: एक छपरावर, दुसरा खाली शेगडीपाशी. मात्र ते बहुधा नळी आत जाण्याआधीच बिघडते, मापात किंवा सफाईत. या कामाला परवानगी किंवा तपासणी लागते का, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

सर्वप्रथम धुराडे ब्रशने खरवडून साफ करावे. भिंतीवर राहिलेला काजळीचा आणि डांबरासारखा चिकट थर लायनरच्या मागे अडकला, तर तो पुन्हा हाती लागत नाही आणि पेटू मात्र शकतो.

मग वरून ओळंबा सोडून शेगडीच्या जोडापर्यंतची लांबी घ्यावी आणि त्यात अर्धा मीटर वाढवावा. नळीचा व्यास शेगडीच्या धूरनळीपेक्षा कमी असता कामा नये. त्याच व्यासाचा लाकडी ठोकळा दोराला बांधून धुराड्यातून एकदा खाली-वर फिरवावा. तो जिथे अडेल तिथेच लायनरही अडणार, हे पैसे खर्च होण्याआधी कळलेले बरे. लाकूड किंवा कोळसा जळणार असेल, तर आतून गुळगुळीत असलेली दुहेरी पत्र्याची, 316 किंवा 904 प्रतीची नळी घ्यावी. गॅससाठीची एकेरी नळी स्वस्त पडते म्हणून इथे वापरू नये.

नळी सोडण्यापूर्वी तिच्यावर छापलेला बाण पाहावा. तो धूर जाण्याच्या दिशेने, म्हणजे वर, असला पाहिजे. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून ही नळी गुंडाळलेली असते. ती उलटी बसली तर आत ओघळणारे काळे पाणी प्रत्येक सांध्यात शिरते आणि पत्रा कुजतो.

वेटोळे उलगडताना नळी उसळते आणि तिच्या कडा धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत. खालच्या टोकाला शंकूच्या आकाराची टोपी बसवून तिला दोर बांधावा. वरच्याने नळी थोडी थोडी सोडावी आणि त्याने हाक दिल्यावरच खालच्याने दोर ताणावा. वळणावर अडली तर हिसका देऊ नये. वीतभर मागे घेऊन, किंचित पिळून पुन्हा सोडावी.

खाली शंकू काढून नळी अडॅप्टरने शेगडीला जोडावी आणि सांधा उष्णतारोधक लेपाने भरावा; साधे सिलिकॉन तिथे टिकत नाही. वर क्लॅम्पने नळीचा भार पेलला जाईल असे पाहून जास्तीचा भाग कापावा, झाकणपट्टी सिलिकॉनने बंद करावी आणि पाऊस व पक्षी अडवणारी टोपी बसवावी. धुराडे बाहेरच्या भिंतीत असेल तर नळीला उष्णतारोधक आवरण आधीच गुंडाळलेले असावे, कारण थंड नळीत धूर लवकर गोठून चिकटा धरतो.

शेवटी धूरकांडी पेटवून प्रत्येक सांधा आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या तपासाव्यात. कुठेही धूर दिसला, तर शेगडी पेटवू नये. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या जाळाआधीच लावावा.