मॉडिफाय केलेली जुनी जिप्सी सांभाळताना या चुका टाळा

कागदोपत्री माझी गाडी १९९८ ची जिप्सी किंग आहे. १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवालं इंजिन. प्रत्यक्षात तिला दोन इंचांची लिफ्ट आहे, म्हणजे तेवढी उंच केलेली, टायर मोठे, २३५/७५ आर १५ मापाचे, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) बसवलेला, अल्टरनेटर दुसऱ्याच गाडीचा आणि रेडिएटर बेळगावहून बनवून आणलेला. गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखला-जंगलातली गाड्यांची स्पर्धा सुरू झाली आणि आमच्याकडच्या बऱ्याच पोरांना लिफ्टचं वेड लागलं. मीही त्यातलाच. आता पार्ट आणायला गेलो की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "कुठल्या गाडीचा?" मग मी खिशातली वही काढतो, कधी काय बदललं ते लिहिलेली.

ही वही मी उशिरा सुरू केली. आधीच केली असती तर एक क्लच प्लेट आणि दोन डॅम्पर वाचले असते.

कंपनीतून आली तशी असलेली गाडी बिघडते तेव्हा बहुधा कुठला तरी पार्ट झिजलेला असतो. मॉडिफाय गाडीचं तसं नाही. ओरडणारा पार्ट बरेचदा बिचारा धडधाकट असतो, त्याच्या शेजारी आपण काहीतरी बदललेलं असतं. बदल एका ठिकाणी होतो आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

आवाज आला की पार्ट बदलत सुटणं

चतुर्थीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. वाळपईहून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या मांडवीचं) सामान घेऊन साखळीकडे निघालो होतो. होंड्याच्या पुढे डावं चाक खड्ड्यात आदळलं आणि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की हातात धरवेना. वेग साठच्या आसपास. मागे सुपारीचे घोस आणि नारळ एकमेकांवर आपटत होते, शेजारी बसलेली आई देवाचं नाव घेत होती. हळूहळू ब्रेक दाबत तिसावर आणली तेव्हा कुठे थांबलं.

ही थडथड मला नवी नव्हती. सहा महिन्यांपूर्वी ती सुरू झाली तेव्हा मी स्टिअरिंग डॅम्पर बदलला होता. दोन महिने बरं वाटलं. परत आली तेव्हा दुसरा, जाड डॅम्पर घातला, टाय रॉड एंड बदलले, चाकं बॅलन्स करून घेतली. डॅम्पर नुसती थरथर दाबतो, ती का होते याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ताप आला की पॅरासिटामॉल घ्यावं, तसला प्रकार.

चतुर्थीत गॅरेज बंद. उघडल्यावर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. एकच विचारलं, "निमाणें कितें बदल्लें तुमी?" शेवटी काय बदललंत? मी म्हटलं, डॅम्पर. "ताच्या आदीं?" बॅलन्सिंग. त्याच्या आधी? असं करत करत आम्ही लांब शॅकलपाशी, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्याचं एक टोक चासीला टांगणाऱ्या दुव्यापाशी, पोचलो. लिफ्टचा एक इंच स्वस्तात मिळावा म्हणून मी पुढच्या पाट्यांना लांब शॅकल घातले होते. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं ते टोक खाली जातं आणि अख्खा ॲक्सल पुढे कलतो. कॅस्टर कमी होतो, म्हणजे वळलेलं चाक आपणहून सरळ होण्याची ओढच मरते.

मग त्यांनी पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला, टायर वर-खाली धरून हलवला. थोडा खुळखुळत होता. मी लगेच म्हणालो, व्हील बेअरिंग. ते म्हणाले, आत बसा आणि ब्रेक दाबून धरा. ब्रेक दाबला की हब (चाक बसतं तो भाग) नकलशी (चाक वळवणाऱ्या सांध्याशी) जखडला जातो. खेळ व्हील बेअरिंगमध्ये असेल तर तो तिथे थांबतो. आमचा थांबला नाही. म्हणजे खेळ नकल आणि ॲक्सल यांच्यामध्ये, किंगपिनच्या, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या खिळीच्या, बेअरिंगमध्ये. ही तपासणी फुकट आहे, दोन माणसं आणि एक जॅक पुरतो. मी मात्र तोपर्यंत आठ हजार घालवले होते.

बेअरिंग नवी घातली, खालच्या-वरच्या शिम (पातळ चकत्या) मोजून काढल्या, शॅकल परत मूळ मापाचे केले आणि उंची पाट्यांतूनच घेतली. ॲक्सलखाली पाचर घालूनही कॅस्टर परत आणता येतो, पण तसं केलं की पुढच्या डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) तोंड खाली झुकतं आणि त्याला ताकद पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. मग क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) ओरडायला लागतात. परत बिल तिसऱ्याच्याच नावावर.

क्रॉसचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाने खूण करा. सरकणारा जोड एका दात्याने जरी फिरून बसला तरी दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत, आणि मग जी थरथर सुरू होते ती लोक महिनाभर टायरमध्ये शोधत बसतात.

ब्रीदर विसरणं

पावसाळा संपला की कुळ्याला दूधसागरच्या जीपा सुरू होतात. त्या पाण्यात शिरतात तेव्हा नीट बघा. चालक गिअर बदलत नाही, क्लच दाबत नाही, एका संथ वेगात पलीकडे जातो. आपण हौशी लोक नेमकं मधोमध क्लच दाबतो आणि प्लेटला पाणी दाखवतो. पण खरी भानगड पाण्याबाहेर आल्यावर कळते, तीही आठवड्याने.

चालून चालून डिफरन्शियल गरम झालेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी आत ओढते. ती वाट म्हणजे वरचा छोटा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड), नाहीतर ऑइल सीलची कड. तेलात पाणी मिसळलं की तेल दुधाच्या चहासारखं होतं. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडायची आणि तिचं टोक इंजिन खोलीत उंचावर न्यायचं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांचंही तेच. स्नॉर्केलवर (इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीवर) पंधरा हजार घालवून ब्रीदर तसेच ठेवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. एक तर माझीच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आपली तांबडी माती वाळली की सिमेंट होते. तिने ब्रीदर बुजला तर गरम हवा बाहेर पडायला जागा शोधते आणि तेल सीलमधून ढकलते. पुढच्या नकलमध्ये ग्रीसऐवजी पातळ तेल गळताना दिसलं की आतलं सील गेलं हे खरं, पण तेच सील वर्षात दुसऱ्यांदा गेलं तर सील बनवणाऱ्याला शिव्या देऊ नका. आधी ब्रीदर फुंकून बघा.

पाण्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी जड, ते तळाशी बसतं. सकाळी ड्रेनचा नट जरा सैल केला की आधी पाणीच येईल. मात्र त्याआधी वरचा, तेल भरायचा नट उघडतो का ते बघा. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा नट गंजून बसलेला, अशी वेळ आली की तोंड लपवत फिरावं लागतं. आणि एकच डबा दोन्हीकडे ओतू नका. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं तेल चालतं, पण गिअरबॉक्सला जीएल-४ च द्यायचं, नाहीतर आतल्या पितळी रिंगांना त्रास होतो.

इंजिनात पाणी गेल्याची शंका जरी आली तरी स्टार्टर मारू नका. प्लग काढा, मग फिरवा.

टायर मोठे केले, बाकी तसंच

किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, उंची सुमारे ६६८ मिलिमीटर. २३५/७५ ची ७३३. फरक दहा टक्क्यांचा. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते. पोलिसाला हे गणित सांगून उपयोग नाही. त्याहून महत्त्वाचं ब्रेकचं. ब्रेक तोच, चाक मोठं, त्यामुळे पायाने तेवढाच जोर लावला तर रस्त्यावर पोचणारी पकड नऊ टक्क्यांनी कमी. चोर्ला घाट उतरताना हे आकडे पायाला कळतात.

सगळे गिअर एका अर्थी दहा टक्क्यांनी लांब झाले, म्हणून चढावर माणूस नकळत क्लच अर्धा दाबून ठेवतो. माझी पहिली प्लेट अशीच जळाली, आणि मी दुकानदाराला नकली माल दिलास म्हणून भांडून आलो. लो रेंज (ट्रान्सफर केसचा संथ पण ताकदीचा गिअर) कशाला दिली आहे? डिफरन्शियलची गुणोत्तरं बदलायचा खर्च परवडत नसेल तर निदान वेळेवर तो दांडा तरी ओढा.

लिफ्टनंतर ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात का, हे गाडी जमिनीवर उभी असताना कधीच कळत नाही. ॲक्सल लोंबू द्या आणि मग बघा. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र प्रत्येक वेळी नवे घ्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळा.

गंजावर काळा रंग

खाऱ्या हवेचं सगळ्यांना माहीत आहे, आणि किनाऱ्यावर गाडी उतरवणं गोव्यात बेकायदा आहे, तेव्हा तो विषय सोडू. आमच्या डिचोली-सत्तरीकडे गंज येतो तो चिखलातून. चासीची पोकळ पट्टी, तिला तळाला भोकं. ती भोकं मातीने बुजतात आणि आत चार महिने ओला चिखल बसून राहतो. वरून आपण मेमध्ये काळं कोटिंग मारतो, गाडी नवीकोरी दिसते, गंज आत निवांत कामाला लागतो.

कोटिंगच्या आधी छोट्या हातोडीने चासी ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. पाट्यांच्या हँगरपाशी आणि मागच्या आडव्या पट्टीवर जास्त वेळ द्या. भोकं तारेने मोकळी करा, पाण्याची नळी आत घाला, दोन दिवस उन्हात सुकू द्या, मग काय तो रंग. वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीच्या वायरी काढा.

वायरिंग

विंच पूर्ण जोरात ओढत असताना ३०० हून जास्त अँपिअर मागतो. त्याची अर्थिंगची वायर बंपरच्या रंगवलेल्या बोल्टला बांधणाऱ्याला माझा दुरून नमस्कार. रात्री दिवे मंदावतात, सेल्फ (स्टार्टर) कुरकुरतो, आणि लोक बॅटरी बदलून मोकळे होतात. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब आहे. टोकांवर हिरवा कळंक असेलच. खरवडा, आवळा, वर ग्रीस लावा.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि तपासणी, तिथे हे सगळं उघड्यावर येतं. मूळ शॅकल, मूळ बंपर, मूळ चाकं भंगारात घालू नका. इंजिन बदलायचं असेल तर आधी परवानगी. विमावाल्यालाही कळवून ठेवा, नाहीतर अपघातानंतर तोच तुम्हाला कळवेल.

गेल्या सोमवारपासून मागच्या डाव्या चाकातून कर्र असा आवाज येतोय, तोही फक्त उजवीकडे वळताना. बेअरिंगची ऑर्डर द्यायला फोन हातात घेतला होता. तो ठेवून वही उघडली. शेवटची नोंद रविवारची: "मागचे ब्रेक शू बदलले, दोन्ही बाजू." गॅरेजमध्ये गेलो, रविवारचा पत्र्याचा डबा शोधला. तळाशी ग्रीसमध्ये ड्रमच्या मागच्या प्लेटचा एक बोल्ट पडला होता.