मोठी टाकी बंदरातून साइटवर नेताना या चुका टाळा

चार मीटर व्यास, बारा मीटर लांबी, पंचवीस मिलीमीटर जाड पत्रा, चाळीस टन वजन. अशी टाकी जहाजातून उतरताना धक्क्यावर उभं राहून पाहिली की वाटतं, एवढ्या लोखंडाला काय होणार? बहुतेक नुकसानीची सुरुवात याच समजुतीपासून होते. ज्याने टाकी डिझाइन केली त्याने ती पायावर उभी, आत माल भरलेली आणि जागची न हलणारी अशी धरलेली असते. रस्त्यावर मात्र ती आडवी असते, रिकामी असते आणि दिवसभर हादरे खात असते. खाली सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

ड्रॉइंगवरच्या आकड्यावर गाडी ठरवणे

ड्रॉइंगवर लिहिलेलं वजन बऱ्याचदा नुसत्या टाकीचं असतं. त्यानंतर तिला प्लॅटफॉर्मचे ब्रॅकेट, शिडी, इन्सुलेशनच्या रिंगा, प्रवासासाठीची सॅडल (टाकी जिच्यावर टेकते ती खोलगट बैठक) आणि आतले आधार लागलेले असतात. भरलेल्या कंटेनरचं प्रत्यक्ष वजन जाहीर करणं १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. पण सुटा माल म्हणून येणाऱ्या टाकीला तो नियम लागू नाही, त्यामुळे कोणी मागितल्याशिवाय तिचं वजन होतच नाही. म्हणून उतरवतानाच क्रेनच्या लोड सेलवरचा (वजन मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा लिहून घ्या. दोन हुकांवर उचल असेल तर दोन्हीकडचे वेगवेगळे आकडे घ्या, कारण त्यावरूनच गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे ते कळतं.

उंचीचंही तसंच. व्यास चार मीटर म्हणून उंची चार मीटर नाही. ट्रेलरची पाटी (माल ठेवायची सपाट जागा) जमिनीपासून ०.९५ मीटर, सॅडल ०.२० मीटर, टाकी पत्र्यासह ४.०५ मीटर, वरच्या नोझलचा (पाइप जोडायच्या तोंडाचा) फ्लँज ०.३० मीटर. झाले साडेपाच. ते एक नोझल तीस-चाळीस अंश बाजूला फिरेल अशी टाकी ठेवता आली, तर कधीकधी अख्खा वळसा वाचतो. हा विचार सॅडल बनवण्याआधी करायचा असतो, धक्क्यावर नाही. आणि लोड झाल्यावर, सगळ्या चेन ताणून झाल्यावर, उंची पुन्हा मोजायची. परवानगीच्या कागदावर तोच आकडा हवा.

रूट सर्व्हे म्हणजे फक्त पुलांची उंची नव्हे

कमानीवर उंचीची जी पाटी असते तिच्यावर विसंबू नका. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, पाटी जुनीच राहते. काठीने किंवा लेझरने स्वतः मोजा, आणि ज्या लेनमधून गाडी जाणार त्याच लेनमध्ये मोजा.

दुसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. लांब ट्रेलरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये वीस मीटर अंतर आहे आणि पुलाखाली रस्ता खोलगट आहे असं समजा. त्या खोलगट वळणाची त्रिज्या ५०० मीटर असेल, तर चाकं दोन्हीकडच्या चढावर असताना टाकीचा मधला भाग त्याखालच्या रस्त्यापासून दहा सेंटिमीटर जास्त वर असतो. सरळ रस्त्यावर उभ्या गाडीची मोजलेली उंची तिथे कामाची नाही. याच्या उलट, उंचवट्यावर किंवा रेल्वे फाटकावर लो-बेडचं (बुटक्या ट्रेलरचं) पोट घासतं. दोन्ही जागा सर्व्हेत वेगळ्या लिहून काढा.

विजेच्या तारा उन्हात आणि भाराखाली लोंबतात. सकाळी मोजलेली तार दुपारी खाली आलेली असते. बांबूने तार उचलून गाडी खालून काढणं हा प्रकार अजूनही दिसतो, आणि तो जिवावर बेततो. लाइन बंद करून घ्या आणि ती बंद असल्याचं वीज कंपनीच्या माणसाकडून जागेवर ऐका. फोनवरचा होकार पुरेसा नाही.

सर्व्हे किती जुना आहे तेही पाहा. जहाज पुढे ढकललं गेलं की परवान्याच्या तारखा उलटतात हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण मधल्या काळात कुणीतरी रस्ता खणलेला असतो, तिकडे लक्ष जात नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी अख्ख्या मार्गावरून एक गाडी फिरवून आणा.

तोंड कुठे?

माझ्या हातून झालेली सर्वांत महागडी चूक अगदी साधी होती. लोडिंग प्लॅनमध्ये मी सॅडलची जागा, चेनची संख्या, एक्सलवरचा भार, सगळं लिहिलं होतं. टाकीचा माथा ट्रेलरच्या पुढच्या बाजूला की मागच्या, एवढंच लिहिलं नव्हतं. धक्क्यावर क्रेनला जसं सोयीचं पडलं तशी टाकी ठेवली गेली. साइटवर पोहोचलो तेव्हा मोठी क्रेन माथा उचलायला एका टोकाला उभी होती आणि आमचा माथा दुसऱ्या टोकाला होता. तिथे तो ट्रेलर वळवायला जागा नव्हती. बाहेर जाऊन वळून उलट दिशेने आत येण्यात दोन दिवस गेले, आणि तेवढा वेळ क्रेन नुसती उभी राहिली.

तेव्हापासून प्लॅनवर मी टाकीच्या चित्राखाली ठळक बाण काढतो, आणि टाकीच्या पत्र्यावरही खडूने ‘माथा’ असं लिहून घेतो. कुठलं नोझल वर असेल तेही त्याच चित्रात. हे साइटच्या इरेक्शन टीमकडून (टाकी उभी करणाऱ्यांकडून) आलं पाहिजे. वाहतूकवाल्याने अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही.

दिसेल त्या लगला हुक

टाकीवरचे लिफ्टिंग लग (उचलायचे कान) बहुधा तिला साइटवर उभी करण्यासाठी असतात. वरच्या दोन लगांवर आणि तळाच्या एका लगवर जोर कुठल्या दिशेने येणार याचा हिशेब त्या कामापुरता केलेला असतो. आडवी उचल वेगळी. स्लिंगचा (उचलायच्या दोराचा) कोनही पाहा. चाळीस टनांना दोन स्लिंग असतील तर सरळ उभ्या स्लिंगवर प्रत्येकी वीस टन येतात. आडव्या रेषेशी साठ अंशांचा कोन झाला तर तेवीस टन. तीस अंशांवर प्रत्येकी पुरे चाळीस टन, शिवाय टाकी आत दाबली जाते ती वेगळी. स्प्रेडर बीम (स्लिंग सरळ उभे ठेवणारा आडवा दांडा) वापरा. नोझलला, मॅनहोलच्या मानेला स्लिंग घालणं कुठल्याच कारणाने चालत नाही.

लॅशिंग

लॅशिंग म्हणजे माल गाडीला बांधणं. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण रस्त्यावर सगळ्यांत जास्त गडबड इथेच होते.

जोरात ब्रेक लागला तर माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर धरतात, बाजूला आणि मागे ०.५ पट. म्हणजे चाळीस टनांच्या टाकीला पुढच्या दिशेने बत्तीस टनांचा धक्का गृहीत धरायचा. रंग लावलेली लोखंडी सॅडल ट्रेलरच्या लोखंडी पाटीवर नुसती ठेवली, तर घर्षण ०.२ (वजनाच्या ०.२ पट) सुद्धा धरवत नाही. ते धरलं तरी आठ टन घर्षणाने अडले, चोवीस टन चेनवर. याच जागी चांगली अँटी-स्लिप रबर मॅट घातली की घर्षण ०.६ पर्यंत जातं. मग चोवीस टन घर्षणाने अडतात आणि चेनकडे आठ उरतात. एवढ्याशा रबराने हिशेब उलटा होतो. तरीही मॅट ‘नंतर घालू’ म्हणून राहून जाते, आणि टाकी बसल्यावर ती घालता येत नाही. मॅट सॅडलच्या खालीही हवी, आणि टाकी व सॅडल यांच्यामध्येही. त्याखाली वाळू, ग्रीस किंवा पाणी असेल तर वरचा हिशेब विसरा.

पातळ पत्र्याच्या टाकीवरून पट्टा टाकून कचकचून आवळला की ती अंड्यासारखी दबते. तिथे पट्ट्याने दाबून धरण्यावर भिस्त ठेवू नका. सॅडलला किंवा त्यासाठी दिलेल्या लगला तिरप्या चेनने थेट बांधा. टाकी सॅडलमध्येच फिरू नये याचा वेगळा बंदोबस्त लागतो. सॅडल पाटीला घट्ट बांधली म्हणजे टाकी बांधली गेली, असं होत नाही.

निघण्याआधी टाकी ते सॅडल आणि सॅडल ते पाटी अशी सलग खडूची रेघ चारही कोपऱ्यांवर ओढा. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबायचंच, कारण मॅट दबते, लाकूड चेपतं, चेन ढिली पडते. आमचे एक जुने ड्रायव्हर काका प्रत्येक थांब्यावर लोखंडी सळईने एकेक चेन वाजवत जात. ताणलेली चेन एका सुरात वाजते, ढिलीचा आवाज बोदा येतो. एकदा ते दोनच चेन वाजवून परत आले आणि म्हणाले, “साहेब, रेघ तुटली.” पाहिलं तर टाकी सॅडलमध्ये दोन बोटं फिरली होती. चेन मात्र ताठ होत्या. अशा वेळी चेन आणखी आवळणं हा उपाय नाही. गाडी सपाट जागी उभी करायची, फिरायचं कारण शोधायचं (आमच्याकडे एका सॅडलवर टाकी टेकलीच नव्हती), पाचर आणि आडवा बांध घालायचा, नवी रेघ ओढायची, मगच हलायचं.

टाकी हवाबंद करून डोंगर चढणे

समुद्रकिनाऱ्यावरून आत जाताना ही अडचण हमखास येते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पाऊस, धूळ आत जाऊ नये म्हणून सगळी नोझल ब्लाइंड (बिनभोकाची झाकणं) लावून पक्की बंद करतात. समुद्रसपाटीपासून हजार मीटर चढलात की बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ०.११ बारने कमी होतो. आतली हवा तशीच कोंडलेली असते. दर चौरस मीटरला एक टनापेक्षा जास्त जोर आतून बाहेर लागतो. ६०० मिलीमीटरच्या मॅनहोलवर तो तीनशे किलोच्या पुढे जातो. प्लायवूडचं झाकण आणि चार बोल्ट असतील तर शेवटचे बोल्ट सोडणाऱ्या माणसाच्या तोंडावर ते झाकण येऊ शकतं.

उलटी बाजूही आहे. दुपारी ३५ अंशांत बंद केलेली टाकी पहाटे १५ अंशांवर आली की आतला दाब सुमारे ०.०६५ बारने उतरतो. एपीआय ६५० या अमेरिकी मानकानुसार बांधलेल्या साध्या साठवण टाकीत वेगळा हिशेब न करता जेवढा निर्वात चालतो, तो आहे अवघा २५ मिलीमीटर पाण्याच्या उंचीइतका. हा त्याच्या पंचवीस पट झाला. सहा-आठ मिलीमीटर पत्र्याची टाकी एवढ्याने आत बसू शकते. म्हणून अशा टाकीला खालच्या बाजूला तोंड केलेला, जाळी लावलेला व्हेंट (हवा ये-जा करायची वाट) उघडा ठेवा.

नायट्रोजन भरून आलेल्या प्रेशर व्हेसलचं (दाब सोसणाऱ्या टाकीचं) वेगळं. तिला व्हेंट नको, दाब दाखवणारं गेज हवं. गेजवर ०.५ बार होतं आणि पहाटे ०.४ दिसलं तर घाबरू नका, वीस अंश गारव्याचा तो परिणाम आहे. दुपारी आकडा परत आला नाही तर मात्र गळती आहे. प्रत्येक वाचनासोबत तापमान आणि जागेची उंची लिहिली नसेल तर हा फरक कळणार नाही.

चाचणीचं पाणी आत राहिलंय का, तेही पाहा. या मापाच्या आडव्या टाकीत तळाला दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ एक टन, आणि ते प्रत्येक उतारावर पुढे धावतं.

हायड्रॉलिक ट्रेलर एका बाजूला झुकला तर

हायड्रॉलिक एक्सलची सिलिंडर बऱ्याचदा तीन गटांत जोडतात. म्हणजे माल एका त्रिकोणावर उभा असतो, आणि गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या आत, रुंद बाजूकडे हवा. जड टोक निमुळत्या बाजूला आलं तर सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, पण बाजूच्या उतारावर धोका होतो. गुरुत्वमध्य तीन मीटर उंचीवर असेल आणि रस्ता सहा टक्के कलला असेल, तर तो अठरा सेंटिमीटर बाजूला सरकतो.

झुकाव दिसला की आधी थांबा. लगेच पंप मारून बाजू उचलू नका. तिन्ही गटांचे दाब वाचा. एकाचा उतरला असेल तर पाइप किंवा सील गेलं आहे. तो गट व्हॉल्व्हने वेगळा करून जॅकचा आधार द्या. दाब ठीक असतील तर दोष रस्त्याच्या कलाचा किंवा सरकलेल्या मालाचा. खडूची रेघ ते सांगेल.

शेवटचे पाचशे मीटर

महामार्ग व्यवस्थित पार होतो आणि साइटच्या गेटाच्या आत गाडी रुतते. ताज्या भरावावरचा रस्ता डंपर सोसतो म्हणून ट्रेलर सोसेलच असं नाही. आतली मोरी, नुकतीच बुजवलेली केबलची चर, क्रेनजवळचा कोपरा, हे सगळं चालत जाऊन पाहा आणि पावसानंतर पुन्हा पाहा.

उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, रेघांसकट. आणि नायट्रोजनची टाकी असेल तर तशी पाटी मॅनहोलवर दोन्हीकडून दिसेल अशी लावा. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ च्या खाली जागा धोक्याची धरतात. नायट्रोजन भरलेल्या टाकीत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. वास येत नाही, गुदमरल्यासारखं वाटत नाही, डोकं आत घातलेला माणूस तिथेच कोसळतो, आणि त्याला ओढायला धावलेला दुसराही. आधी छोटा व्हॉल्व्ह उघडून दाब शून्यावर आणा, टाकीत हवा खेळवा, मीटरने ऑक्सिजन मोजा. आत वाकून बघायची परवानगी त्यानंतरच, आणि तीही लेखी.