काडतूस आधी, स्कोप नंतर

रायफलवरची दुर्बीण म्हणजे स्कोप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न झूमचा निघतो. तो शेवटी विचारायचा. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकणं, किती अंतरावर शून्य होईल असा बसवलाय, स्कोप धक्का किती सोसतो आणि एलिव्हेशनच्या टरेटमध्ये (नेम वर-खाली करणाऱ्या चाकात) फिरायला जागा किती उरते. तिन्हींचं उत्तर तुमच्या काडतुसात आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, तिथे पीप साइटच (बारीक भोकातून बघायची साइट). तेव्हा स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाला स्कोप घेऊन देऊ नका. खाली जे आहे ते कागदावर ग्रुप (एकाच नेमाच्या गोळ्यांचा पुंजका) काढणाऱ्यांसाठी, काडतुसांचा लॉट (एका खेपेत बनलेला माल) तपासणाऱ्यांसाठी आणि घरात परवान्याची जुनी रायफल असणाऱ्यांसाठी.

पॅरलॅक्सपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त चुकतं तिथेच. मोठ्या बोअरच्या रायफलसाठी बनलेल्या स्थिर स्कोपचा पॅरलॅक्स बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर बसवलेला असतो. रिमफायर, म्हणजे .२२ सारख्या कडेला ठोका बसणाऱ्या छोट्या काडतुसाच्या, स्कोपचा ५० यार्डांच्या आसपास. १०० यार्डांचा, ४० मिमी काचेचा स्कोप .२२ वर चढवून ५० मीटरवर मारलंत, तर डोळा पार कडेला गेल्यावर नेम ९ मिमीपर्यंत सरकतो. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळच १०.४ मिमी व्यासाचं आहे, म्हणजे दहा तिथेच गेला. हाच स्कोप १० मीटरवर वापरला तर चूक १८ मिमीच्या घरात जाते आणि चित्रही धूसर दिसतं. म्हणून .२२ साठी रिमफायरचा स्कोप घ्या किंवा बाजूला फोकसचं चाक असलेला. एअर रायफलला १० मीटरपर्यंत खाली येणारं चाक हवंच.

तपासायला सोपं आहे. रायफल रिकामी, बोल्ट उघडा. सँडबॅगवर पक्की बसवून टार्गेटच्या मध्यावर क्रॉसहेअर (काचेतल्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा) आणा. मग रायफलला हात न लावता डोकं किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे करा. क्रॉसहेअर कागदावर चालताना दिसला तर चाक फिरवत तो जागीच राहीपर्यंत या. चाकावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, बऱ्याच स्कोपांत तो थोडा इकडे-तिकडे असतो.

आता धक्का. .२२ चा धक्का नगण्य, त्यामुळे ७५-८० मिमी आय रिलीफ (डोळा आणि स्कोप यांतलं अंतर) चालतो. मोठ्या बोअरच्या .३०-०६ ला निदान ९० मिमी हवा, नाहीतर स्कोपची कडा भुवईवर चंद्रकोर उठवते. सगळ्यांत फसवी मात्र स्प्रिंगची एअर रायफल. तिचा पिस्टन पुढे जाताना रायफल मागे येते आणि पिस्टन आपटला की पुढे झटका बसतो. साधे स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात, पुढच्या झटक्याने आतली भिंगं ढिली होतात. स्प्रिंगवर एअरगनसाठीच बनवलेला स्कोप, एकसंध माउंट (स्कोप रायफलला धरणारा कंस) आणि रेलच्या भोकात बसणारी स्टॉप पिन, याला पर्याय नाही. पीसीपीला (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफलीला) ही कटकट नाही.

इशापूर कारखान्याच्या .३१५ रायफलवर स्कोप चढवण्याआधी दोनदा विचार करा. तिची ॲक्शन (बोल्टची यंत्रणा) जुन्या ली-एनफिल्ड रायफलची. वर बेस (माउंटचा पाया) बसवायला तयार भोकं सहसा नसतात, बाजूचं माउंट लागतं, आणि ते शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यायचं. जड, संथ गोळी आणि कमी अंतर असल्यामुळे २ ते ७ पटींचा साधा स्कोप पुरतो.

टरेटचं गणित एकदा नीट समजून घ्या. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने, म्हणजे टरेटच्या एका टप्प्याने, गोळी १०० मीटरवर ७.३ मिमी सरकते, ५० मीटरवर ३.६ मिमी. स्टँडर्ड वेगाची ४० ग्रेन वजनाची .२२ नळीतून ३२५ मी/से च्या आसपास निघते. ५० मीटरला झिरो केली (नेम आणि गोळी तिथे जुळवली) तर १०० मीटरवर ती साधारण २२ सेंमी खाली लागते, म्हणजे ३० क्लिक. १८० ग्रेनची .३०-०६ मात्र १०० मीटरच्या झिरोवरून २०० मीटरला साधारण १३ सेंमी पडते, नऊ क्लिकमध्ये काम भागतं. थोडक्यात, टरेटची जास्त जागा चिमुकल्या .२२ ला लागते. पल्ला वाढवायचा असेल तर २० एमओए उताराचा बेस घ्या.

हाय व्हेलॉसिटी .२२ वापरून हे टाळता येईल असं वाटतं. ३८० मी/से ची गोळी कमी पडते खरी, पण शंभर मीटरच्या आतच तिचा वेग ध्वनीच्या वेगाखाली येतो आणि त्या उंबरठ्यावर ती डगमगते, ग्रुप फाकतो. मुंबईच्या ३० अंशांत ध्वनीचा वेग ३४९ मी/से असतो, त्यामुळे स्टँडर्ड गोळी इथे आरामात त्याच्या खाली राहते. शिवाय झिरो न बदलता स्टँडर्डवरून हाय व्हेलॉसिटीवर गेलात तर ५० मीटरवर गोळी ३ सेंमीच्या आसपास वर लागते. काडतूस बदललं की पहिले १०-१५ राउंड मोजायचे नाहीत, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं.

बीडीसी रेटिकलवरच्या, म्हणजे अंतरानुसार गोळीची घसरण दाखवणाऱ्या काचेतल्या, खुणा एका ठरावीक काडतुसासाठी आखलेल्या असतात. दुसऱ्या फोकल प्लेनचा (झूम बदलला तरी रेघा तेवढ्याच दिसणारा) स्कोप असेल तर त्या एकाच झूमवर खऱ्या ठरतात, बहुधा कमाल झूमवर. .३०-०६ साठीच्या खुणा .२२ वर निव्वळ नक्षी.

बसवताना रायफल सपाट ठेवा, २५ मीटरवर ओळंबा टांगा आणि उभी रेघ दोऱ्याशी जुळवा. रिंगचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू आलटून-पालटून, टॉर्क ड्रायव्हरने २ न्यूटन-मीटरपर्यंत. त्यापुढे आवळलं की नळकांडं चेपतं आणि क्लिक अडखळतात.

झिरो करताना बोल्ट काढून नळीतून टार्गेटचा मध्य बघा, क्रॉसहेअर तिथे आणा. २५ मीटरवर तीन राउंड मारून कागदावर या, मग ५० वर पाचाचा ग्रुप. ग्रुपचा मध्य धरा, एकटी भरकटलेली गोळी नव्हे. मध्य ३० मिमी खाली असेल तर ८ क्लिक वर. पुन्हा पाच, आणि कागदावर लॉट नंबर लिहा. त्याच ब्रँडचा नवा लॉटसुद्धा वेगळीकडे मारू शकतो.

पावसाळ्यात एसी गाडीतून काढलेला स्कोप लगेच बाहेर धुरकटतो. दहा-पंधरा मिनिटं केसमध्येच राहू द्या, मग उघडा. हे बाहेरचं बाष्प. आतून धुकं आलं तर सील गेलं, तो दुरुस्तीलाच. केसच्या फोममध्ये ओल धरते आणि काचेवर बुरशी येते, म्हणून स्कोप कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल दर महिन्याला तापवा. वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात स्टीलचे स्क्रू गंजतात, त्यांना तेलाचा नुसता हात.

झिरो हलतोय असं वाटलं तर आधी बेसचे स्क्रू, मग रिंगचे, मग लॉट नंबर बघा. तिन्ही ठीक असतील तर चौकोन चाचणी: एकाच बिंदूवर नेम ठेवून एक गोळी, नंतर २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक वळणावर एकेक गोळी. पाचवी पहिलीच्या शेजारी लागली नाही, आणि दुसऱ्यांदा केल्यावरही नाही, तर दोष स्कोपचा.