इंजिन खोलण्याआधी आठ दिवस पट्टी बघा

“मिस्त्री, गाडी ऑइल खायलीय,” असं म्हणत कुणी गॅरेजात आलं की मी आधी विचारतो, किती? शंभरातल्या नव्वद जणांना ते सांगता येत नाही. “लई खायलीय” एवढंच कळतं. तेवढ्यावर कुणी हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलायचा, खर्च सांगितला, तर लोक तोही मान्य करून बसतात. बीडला बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून कळकळीनं सांगतो: ऑइल नेमकं कुठून जातंय हे कळल्याशिवाय इंजिनाला पाना लावू देऊ नका.

एक वही घ्या. सकाळी गाडी चालू करायच्या आधी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. आपल्याकडं अंगण सपाट क्वचितच असतं, म्हणून गाडी रोज त्याच जागी, त्याच तोंडानं लावा. बहुतेक लहान गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. ऑइल कुठल्या खुणेपाशी आहे आणि मीटर किती झालं, हे दोन्ही आठ दिवस रोज लिहायचं. एका सर्व्हिसपासून दुसरीपर्यंत अर्धा लिटर कमी झालं तर मी काळजी करत नाही. हजार किलोमीटरला अर्धा लिटर जात असेल, तर मात्र कारण शोधायलाच हवं. आणि एक लक्षात ठेवा, डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइल कमी होत चालल्याची आगाऊ सूचना देत नाही. तो ऑइलचं प्रेशर पडल्यावर लागतो. लागला की गाडी बाजूला घ्या आणि लगेच बंद करा, पुढच्या गावापर्यंत नेऊ नका.

ऑइलला जायला वाटा तीनच: बाहेर गळतं, आत जळतं किंवा पाण्यात मिसळतं.

गळती आधी बघा, कारण ती सोपी आणि बहुतेक वेळा स्वस्त असते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका. सकाळी डाग तपकिरी-काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं. डाग जिथं पडला तिथंच गळती आहे असं मात्र समजू नका. ऑइल उतारानं खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं पसरतं. म्हणून ओलाव्याची सगळ्यात वरची जागा शोधायची. आपल्या भागातला फुफाटा इथं कामाला येतो. धुळीचा जाड थर धरलेलं ऑइल जुनं, आणि त्या थरातून खाली आलेली ओली, चकचकीत रेघ ताजी.

रेघ सापडली नाही तर इंजिन थंड असताना बाहेरून धुऊन घ्या. अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्लास्टिक बांधायला विसरू नका. कोरडं झाल्यावर संशयाच्या जागांवर तोंडाला लावायची पावडर भुरभुरा, इंजिनाचा बेल्ट फिरतो त्या बाजूला नको. वीसेक किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीत ओला डाग लगेच उठून दिसतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून कधीच जाऊ नका, स्टँड लावा.

टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन नटचा वायसर, चेंबरचं (इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग या जागा आधी बघा. शिवारातल्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचं चेंबर दगड लागून चिरतं, तेही हात फिरवून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत असेल तर लोक मागचं क्रँक सील गेलं म्हणतात. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, खर्च मोठा. पण टॅपेट कव्हरचं ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळून नेमकं तिथंच येतं. आधी वर बघा.

गेवराईकडच्या एका सरांना दुसरीकडं हाफ इंजिन सांगितलं होतं. त्यांनी वही नीट लिहिली होती, हजाराला अर्धा लिटर, आणि धूर अजिबात नव्हता. मी ऑइल प्रेशर स्विचचा प्लग काढला तर आत ऑइल भरलेलं. तो एक स्विच बदलला आणि सरांची गाडी आजही चालू आहे.

सगळीकडून सील गळत असतील तर नवी सील घालायच्या आधी ब्रीदर बघा. इंजिनाच्या आत साठणारा वायू या वाटेनं बाहेर पडतो. गाळ बसून ती वाट बंद झाली की प्रेशर वाढतं आणि ऑइल सापडेल तिथून बाहेर ढकललं जातं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याच्या जीपचं मी रिंगा-सीलसकट सगळं काम केलं. महिनाभरात ती तशीच माखून परत आली. ब्रीदरचा पाइप तुंबलेला होता, आणि मी तो बघितलाच नव्हता. कापूस विकून दिलेले पैसे होते ते. मी परत केले, पण तेव्हापासून आधी ब्रीदर बघतो.

गळती नसेल तर ऑइल जळतंय. सायलेन्सरमागं माणूस उभा करा. धूर निळसर असेल तर तो कधी येतो हे नीट बघायला सांगा, कारण निदान त्यावरच ठरतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना भपका आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्या. मांजरसुंब्याचा घाट गिअरमध्ये उतरून पालीकडं आलात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धूर निघाला, तरी तेच. चढावर, भरल्या गाडीत सतत धूर असेल तर रिंगा. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सीलही बघावं लागतं. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) थोडा धूर लपवतो, त्यामुळं धूर दिसला नाही म्हणून जळत नाही असं नाही.

पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून बघा. एकच प्लग तेलकट असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा गेल्या, नाही वाढलं तर व्हॉल्व्हकडं बघायचं. रिंगा गेल्या असतील तर एअर फिल्टरच्या पाइपाची क्लिपही तपासा. उसाच्या हंगामात रस्त्यावर जी धूळ उडते, ती सैल क्लिपमधून आत शिरली की रिंगा आणि बोअर घासून काढते. क्लिप तशीच राहिली तर नव्या रिंगांचंही तेच होणार.

ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर पाणी मिसळल्याचा संशय. रेडिएटर थंड असतानाच उघडा आणि पाण्यावर तवंग आहे का ते बघा. फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत झाकणाला थोडा फेस धरतो, त्याला घाबरू नका. पण पट्टीवरही तोच रंग असेल तर गाडी चालवू नका. हेड पॅकिंग किंवा ऑइल कूलर, दोन्हीपैकी एक उघडावं लागेल.

बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाडीत पट्टीवरचं ऑइल वाढताना दिसलं तर खूश होऊ नका. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. ते बदलायलाच हवं.

दुरुस्ती झाली की गॅरेजातून निघतानाच पट्टी बघून मीटर लिहा. पाचशे किलोमीटर झाले की त्याच जागी, त्याच तोंडानं गाडी लावून पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर वही घेऊन परत या.