परासरणाचा प्रयोग करताय? बटाटा कापायच्या आधी या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलं की पोरांना परासरण आठवतं, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे जाणं. बटाट्याच्या फोडी कमी-जास्त घट्ट द्रावणांत बुडवायच्या आणि आधी-नंतरचं वजन बघायचं. बटाटा, साखर, मीठ, सगळं घरातलंच, त्यामुळे एका संध्याकाळी उरकेल असं वाटतं. प्रयोग सोपा आहेच, फक्त घाईत होत नाही.

ठिबकती फोड काट्यावर ठेवणं. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. अमळनेरकडच्या एका शाळेतला गट तक्ता घेऊन आला. साध्या पाण्यातल्या फोडींचं वजन वाढलेलं, ते ठीक. पण साखरेच्या घट्ट पाण्यातल्या फोडीही वाढलेल्या! "सर, समदं वजन वाढी गयं!" पोरगं खुशीत, जणू नवा शोधच लागला. म्हटलं, माझ्यासमोर परत कर. सुरुवातीला फोडी पुसून तोलल्या, जेमतेम दहा मिनिटं बुडवल्या आणि चिमट्याने उचलून तशाच ओल्या काट्यावर. आता हिशोब करा. फोड 2 ग्रॅमची, एक थेंब साधारण 0.05 ग्रॅमचा. चार थेंब चिकटले की 10 टक्के वाढ, बटाट्याने काहीही न करता! दहा मिनिटांत फोडीतून जे थोडं पाणी बाहेर गेलं, ते या थेंबांखाली झाकलं गेलं.

माझ्याकडे जुन्या सुती धोतराचे तुकडे असतात. फोड त्यावर एकदा लोळवायची, दाबायची नाही. आधी तशीच, नंतरही तशीच, आणि दोन्ही वेळा एकाच पोराने. फोडी निदान तासभर बुडवा. किराणा दुकानातला काटा इथे कामाचा नाही, 0.01 ग्रॅम दाखवणारा सराफी काटा हवा. जळगाव जिल्ह्यात सराफांची काय कमी, ओळख काढा.

ग्लास गुलाबी झाला म्हणजे विसरण (कण दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणं) दाखवलं असं समजणं. पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकला, थोड्या वेळात सगळं पाणी रंगलं, टाळ्या. पण एवढ्या लवकर रंग पसरतो तो मुख्यतः पाणी हलल्यामुळे. नुकतं ओतलेलं पाणी फिरत असतं, त्यात माठातलं गार पाणी आणि तापलेली खोली म्हणजे आतल्या आत प्रवाह चालूच. निव्वळ विसरणाने एक सेंटीमीटर जायला अर्ध्या दिवसाच्या आसपास वेळ लागतो, आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. व्हिडिओत दोन मिनिटांत होतं म्हणून तुमच्याकडेही व्हावं, हा हट्ट सोडा. चायना ग्रासची जेली परीक्षानळीत लावा, वर रंगाचं पाणी घाला आणि रोज ठरलेल्या वेळी पट्टीने मोजा. कंटाळवाणं आहे, पण खरं आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. साल पूर्ण काढा, तिच्यातून पाणी सहज जात नाही. सगळ्या फोडी एकाच बटाट्याच्या घ्या, आणि एका द्रावणात एकच फोड टाकून निष्कर्ष काढू नका. रावेर-यावलची पोरं हमखास केळं आणतात; पिकलेल्या केळ्याचा पाण्यात लगदा होतो, बटाट्यावरच या. साधं पाणी हे तुलनेचं नियंत्रण नव्हे, ते कमी-जास्त घट्ट द्रावणांच्या मालिकेतलं पहिलं द्रावण आहे. नियंत्रण म्हणून उकडलेली फोड ठेवा: पेशीपटलं मेलेली, त्यामुळे तिथे परासरण दिसायला नको.

मीठ आणि साखर "दोन्ही 1 टक्का" घेऊन तुलना करणारे बरेच भेटतात. परासरण कणांच्या संख्येवर ठरतं, आणि मिठाच्या त्या पाण्यात साखरेच्या सुमारे 12 पट कण असतात, मग तुलना कसली?

द्रावण करतानाही घोळ होतो. 1 मोलर (लिटरमध्ये एक मोल, म्हणजे 342 ग्रॅम) साखरेसाठी 34.2 ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण 100 मिली करायचं. 100 मिली पाण्यात साखर ओतली की द्रावण 120 मिलीच्या आसपास भरतं आणि 0.8 मोलरच्या जवळ येतं. पुढची 0.8, 0.6, 0.4, 0.2 ही द्रावणं यातूनच पातळ करा.

आलेख ग्रॅमचा नको, टक्केवारीतल्या बदलाचा काढा. रेषा जिथे शून्य ओलांडते तिथलं द्रावण पेशींशी समपरासारी, म्हणजे पाणी जेवढं आत तेवढंच बाहेर. बटाट्यासाठी ते बहुधा 0.2 ते 0.4 मोलरच्या दरम्यान येतं. सगळे बिंदू पट्टीसारखे सरळ रेषेत आणि उत्तर नेमकं 0.30 असा आलेख समोर आला, की मी आधी कच्ची वही मागतो.